फुफ्फुसातील गाठ आणि काळाची साक्ष

श्रोतेहो, हैदराबादेत नामपल्ली स्थानकापासून जवळच, रेड हिल्स भागात, मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. १९५५ साली ते उभे राहिले तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. रुग्णाच्या मनातील धास्ती मात्र तीच राहिली. ‘फुफ्फुसात लहानशी गाठ दिसते,’ एवढे एक वाक्य तपासणीच्या कागदावर वाचले, की घरातल्या माणसांची झोप उडते.

या वाक्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर डागाला वैद्य गाठ म्हणतात. ती कर्करोगाचीच असेल असे मुळीच नाही. आपल्या देशात क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेला व्रणही तशीच छाया पाडतो. अमेरिकेत दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सीटी स्कॅनमध्ये संशयास्पद ठरलेल्या दर शंभर निष्कर्षांपैकी सुमारे ९६ कर्करोगाचे नव्हते. परंतु साध्या क्ष-किरण चित्राऐवजी कमी मात्रेचा सीटी स्कॅन वापरल्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, हेही त्याच पाहणीने दाखविले. तेव्हा घाबरणे जसे व्यर्थ, तसेच दुर्लक्ष करणेही घातक.

मग निरुपद्रवी गाठ ओळखावी कशी? येथे काळ हाच मोठा साक्षीदार. घट्ट गाठ दोन वर्षे वाढली नाही, तर ती बहुधा निरुपद्रवी मानतात. काचेवरील धुक्यासारख्या अंधुक गाठीवर मात्र पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे लागते. वाढ डोळ्यांना फसवते, हेही ध्यानात घ्यावे. आठ मिलिमीटरची गाठ दहा मिलिमीटरची झाली, तर फरक किरकोळ वाटतो. पण आठाचा घन ५१२ आणि दहाचा घन १०००. म्हणजे गाठीचे आकारमान जवळजवळ दुप्पट झाले!

अशी तुलना करायची म्हणजे स्कॅन पुनःपुन्हा काढणे आले, आणि किरणांची मात्रा शरीरात साठत जाणार ही शंकाही आली. तिचे उत्तर कमी मात्रेच्या स्कॅनमध्ये आहे. छातीच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये सुमारे ७ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते; कमी मात्रेच्या स्कॅनमध्ये सुमारे दीड. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. किरण कमी केले की चित्र थोडे रवाळ येते. परंतु फुफ्फुस हवेने भरलेले असल्याने त्यात घट्ट गाठ उठून दिसते. काळोख्या आकाशात चांदणी दिसावी, तसे. मात्र इतर अवयव किंवा ग्रंथी बारकाईने पाहायच्या असतील, तेव्हा नेहमीचा स्कॅनच लागतो. हा निर्णय वैद्यांचा.

पस्तिशीपुढच्या, कर्करोग नसलेल्या व्यक्तीत सहा ते आठ मिलिमीटरची एकच घट्ट गाठ सहज आढळली, तर सामान्यतः सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. त्याहून मोठी असेल, तर तीन महिन्यांनी स्कॅन, किंवा अधिक तपासण्या. म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जुन्या स्कॅनच्या फिल्म व सीडी जपून ठेवाव्यात, कारण तुलनेवाचून नवे चित्र अर्धेच बोलते. आणि दिलेली तारीख चुकवू नये. मध्यंतरी खोकल्यातून रक्त पडले किंवा वजन घटू लागले, तर तारखेची वाट न पाहता वैद्यांकडे जावे.

श्रोतेहो, लहान गाठीला पुष्कळदा शस्त्रक्रियेआधी धीराची गरज असते. पण तो धीर दिनदर्शिकेवर खूण करून धरलेला असावा.