हातचलाखीचे खेळ : करून पाहावे, उकलून दाखवावे

एक नाणे, एक काड्यापेटी, एक रुमाल, एक वाटी आणि कागदाची पुडी. एवढे सामान कुठल्याही घरात सापडेल. एवढ्याच सामानावर एखादे हुशार गुरुजी वर्गातली मुले तासभर खिळवून ठेवतात. आणि एवढ्याच सामानावर एखादा लबाड बुवा एखाद्या घराची वर्षाची कमाई घेऊन पसार होतो. सामान तेच, हातही तसेच. मग फरक कुठे आहे? तो आज आपण पाहू, आणि नुसता ऐकून नव्हे, दोन-चार खेळ स्वतः करून पाहू.

पहिला खेळ नाण्याचा. डावा तळवा वर करा आणि त्याच हाताच्या अंगठ्याच्या व बोटांच्या टोकांत नाणे धरा. आता उजवा हात ते घ्यायला येईल. अंगठा नाण्याच्या खालून जाईल, बाकीची बोटे वरून येतील. बोटांच्या आड नाणे झाकले गेले, की डावी चिमूट हळूच सैल सोडा. नाणे डाव्या तळव्यात पडेल. उजवी मूठ मात्र नाणे घेतल्यासारखीच मिटा आणि बाजूला न्या. डावा हात सहज खाली येऊ द्या. मूठ उघडा. नाणे गडप!

यातली मेख बोटांत कमी आणि डोळ्यांत जास्त आहे. तुमचे स्वतःचे डोळे उजव्या मुठीमागे गेले पाहिजेत. खेळ करणारा जिकडे बघतो तिकडेच बघणारे बघतात. तुम्ही चोरून डाव्या हाताकडे पाहिले, की पहिल्या बाकावरचे पोर ओरडलेच म्हणून समजा! म्हणून आधी आरशासमोर वीस वेळा नाणे खरोखरच घ्या. खरे घेताना हात कसा हलतो हे ध्यानात आले, की खोटे घेणे जमते.

दुसरा खेळ काडीचा. जाड शिवणीचा रुमाल घ्या. आगपेटीतली एक काडी आधीच त्याच्या कडेच्या दुमडीत सरकवून ठेवा. सर्वांसमोर दुसरी काडी रुमालाच्या मध्यावर ठेवा, चारी कोपरे आत घ्या, आणि एका मुलाला म्हणा, "धर बरं, आणि मोड काडी." त्याच्या बोटांत द्यायची ती दुमडीतली काडी. कट् असा आवाज येतो. रुमाल झटका. मधली काडी अखंड खाली पडते.

आता त्या मुलाला विचारा. तो शपथेवर सांगेल, "मी स्वतः मोडली!" तो खोटे बोलत नाही. त्याने काडी मोडली हे खरे. पण कोणती मोडली, हे त्याने पाहिलेले नाही. गावात एखादी अद्भुत गोष्ट सांगताना माणसे म्हणतात, "या डोळ्यांनी पाहिलंय." त्यांना खोटे ठरवायचे कारण नाही. माणूस प्रामाणिक असूनही त्याने काढलेला अर्थ चुकू शकतो, एवढे या काडीवरून शिकावे.

तिसऱ्या खेळात हातचलाखी मुळीच नाही. खोलगट वाटीच्या तळाशी नाणे ठेवा. मुलाला इतके मागे सरकवा, की वाटीच्या काठामुळे नाणे नुकतेच दिसेनासे होईल. आता वाटीत सावकाश पाणी ओता. मूल जागचे हलले नाही, नाणेही हलले नाही, तरी ते दिसू लागेल! पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचे किरण वाकतात, म्हणून हे घडते. विज्ञानाच्या धड्याला यापरते चांगले तोंड नाही.

चौथ्या खेळाकडे जरा नीट लक्ष द्या. सारख्या मापाचे दोन कागद घ्या. प्रत्येकाला उभ्या दोन आणि आडव्या दोन घड्या पाडा, म्हणजे नऊ चौकोन होतील. दोन्ही कागदांचे मधले चौकोन पाठीला पाठ लावून चिकटवा. एक कागद उघडला, तर दुसरा मिटलेल्या पुडीच्या रूपाने मागे लपून राहतो. त्या मागच्या पुडीत आधीच दहाच्या दोन नोटा ठेवा. समोरच्या कागदात लोकांदेखत दहाची एक नोट ठेवा आणि घड्या घाला. पुडी या हातातून त्या हातात देताना उलटी करा आणि उघडा. एकाच्या दोन झाल्या!

वर्गात या खेळावर टाळ्या पडतात. पण हाच खेळ एखाद्या अडलेल्या कर्जदाराच्या ओसरीवर झाला, तर काय होते? आधी दहाचे वीस होतात. मग भरवसा बसतो. मग बुवा म्हणतो, "मोठी रक्कम आण, पुडके मी बांधून देतो, अमावस्येपर्यंत सोडू नकोस." पुडके सोडावे तर आत कोरे कागद. तोवर बुवाने तालुका ओलांडलेला असतो. 'पैशांचा पाऊस' पाडण्याचे आमिषही याच जातीचे. नाशिककरांना तरी हे जास्त सांगायला नको. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तिथे खास कागद लागतो, शाई लागते, यंत्रे लागतात, नोटेनोटेवर क्रमांक घालावा लागतो. मंत्राने नोटा झाल्या असत्या, तर एवढा खटाटोप सरकारने कशाला केला असता?

लिंबातून 'रक्त' काढण्याचेही असेच. जास्वंदीच्या पाकळ्या सुरीच्या पात्यावर चोळून वाळू दिल्या, की काहीच दिसत नाही. त्या सुरीने लिंबू कापले, की आंबट रसाने जास्वंदीचा रंग लालसर होतो आणि घरातली बाई घाबरते, "करणी झाली!" हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे तर तिने रोज पाहिलेले असते. दोन्ही एकाच कुळातल्या गोष्टी. मात्र नारळावर पाणी शिंपडून जाळ काढण्याचा खेळ वर्गात करू नका. नारळाच्या शेंड्यांत सोडियम लपवलेले असते. ते पाण्याने पेट घेते आणि हात-डोळे भाजतात.

असे 'चमत्कार' गावोगाव आणि शाळाशाळांतून करून दाखवायचे व लगेच उकलून सांगायचे, हा मार्ग महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने धरला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ती १९८९ मध्ये स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असता त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा आता गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करावी. आणि हेही ऐकून ठेवा, की वारी, यात्रा, भजन, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी निघालेल्या वारकऱ्याने निर्धास्त असावे.

गुरुजनहो, हे खेळ वर्गात करताना तीन पथ्ये पाळा. खेळ झाल्यावर लगेच उत्तर सांगू नका. मुलांना तर्क लढवू द्या, चुकू द्या. मग उकल दाखवल्यावाचून घंटा होऊ देऊ नका. आणि फसलेल्या मुलाला किंवा त्याच्या आजीला हसू नका, कारण नजर सर्वांचीच फसते. बाजारात खेळ करून पोट भरणाऱ्या जादूगाराचा धंदाही उगाच मोडू नका. तो आधीच सांगतो, "ही माझ्या हाताची करामत आहे." बुवा म्हणतो, "ही माझी सिद्धी आहे." सुरुवातीला विचारलेला फरक तो हाच.

मुलांना तीन प्रश्न मात्र पाठ करून द्या. सामान कोणी आणले? ते आधी कोणी तपासले? आणि आपली नजर दुसरीकडे नेमकी केव्हा गेली? हे तीन प्रश्न ज्या घरात विचारले जातात, त्या घरातली नोट पुडीत जात नाही, आणि त्या घरातला साप चावलेला माणूस मांत्रिकाच्या दारात वेळ न दवडता प्रतिविषाच्या सुईसाठी सरळ सरकारी दवाखान्यात पोहोचतो.