पाच ताटं, एक पातेलं

रात्रीची कुटुंब प्रार्थना आटोपली की चंद्रपुरातल्या या ख्रिस्ती घरात बायबल कपाटात जातं आणि त्याच टेबलावर विळी, चाळणी आणि भाजीची टोपली येते. मुलगी चवळीच्या शेंगा मोडते. आजी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून ओलसर फडक्यात गुंडाळते. मुलगा मूग धुऊन भिजत घालतो. बाबांची नोकरी वीज केंद्रात पाळीची, आई खासगी रुग्णालयात परिचारिका. दोघांच्या ड्युट्यांचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि त्याला लागूनच दुसरा तक्ता आहे: उद्या कोण काय चिरणार, कोण काय शिजत लावणार.

हा दुसरा तक्ता आला तो बाबांच्या रक्तातली साखर वाढल्यावर. सुरुवातीला घराने तेच केलं जे बहुतेक घरं करतात. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं चढलं. त्यात दुधीची फिकी भाजी, आणि बाकीच्यांच्या ताटात पापड, भजी, तर्रीदार रस्सा. रात्रपाळी करून आलेल्या आईला दोन स्वयंपाक करावे लागत आणि बाबांना शिक्षा भोगल्यासारखं वाटे. काही आठवड्यांत ते वेगळं पातेलं आपोआप फडताळात गेलं.

मार्ग काढला आजीने. दानीएलाची गोष्ट तिला शब्बाथ शाळेपासून पाठ. बाबेलच्या राजवाड्यात राजाच्या ताटातलं नाकारून त्याने दहा दिवस शाकान्न आणि पाणी घेतलं, हे सगळेच सांगतात. आजीने बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी. दानीएल एकटा नव्हता, त्याचे तीन सोबती तेच अन्न खात होते. मग या घरातही ठरलं, पातेलं एकच चढेल आणि पाचही जण त्यातलंच खातील.

आईच्या मनात आणखी एक उदाहरण होतं, आणि ते याच जंगलपट्ट्यातलं. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था उभी करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना 1995 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. गावोगावच्या बाळांचे जीव वाचवण्यासाठी झटणारा हा डॉक्टर स्वतः रुग्ण झाला. नंतर ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आपलं खाणं, चालणं, ध्यान, मनावरचा ताण हे सगळं उघडपणे मांडलं. औषधाची गोळी एकट्याने गिळता येते, पण खाणं बदलायचं तर घरच बदलावं लागतं, हे आईला त्या वाचनातून पटलं होतं.

बदलाची सुरुवात तेलापासून झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक सूत्रं काढली. दिवसाला 2000 कॅलरीच्या आहाराचा जो नमुना त्यांत आहे, त्यात तेल-तूप साधारण 27 ग्रॅम धरलंय. मुलाने गुणाकार केला: पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे महिन्याला चार किलोच्या आसपास. आता एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या डब्यात काढलं जातं आणि डब्यावर पेनाने चार रेघा मारल्या जातात, एकेका आठवड्याची एक. दुसऱ्या आठवड्यातच तेल तिसऱ्या रेघेला टेकलं, तर भजी कुठल्या दिवशी झाली होती हे सगळ्यांना आठवतं. फोडणी आता बाटली वाकडी करून होत नाही, चमच्याने होते.

भाताचा प्रश्न जास्त नाजूक. चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोली म्हणजे झाडीपट्टी, धानाचा मुलूख. इथे जेवण म्हणजे भात. तो बंद करायचा विचारही कुणी केला नाही. वाढण्याचा क्रम तेवढा बदलला: आधी भाजी आणि घट्ट वरण, मग भात, आणि भातवाढी लहान. रात्री ज्वारीची भाकरी. ताटात डावीकडे जवसाची चटणी असतेच. तव्यावर जवस कोरडं भाजायचं, तडतडायला लागलं की लगेच उतरवायचं, नाहीतर कडू होतं. मग लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचं. शाकाहारी अन्नात ओमेगा-3 मेदाम्लं मिळण्याचा हा स्वस्त आणि गावरान मार्ग.

पावसाळ्यात बाजारच मदतीला येतो. पहिल्या पावसानंतर कोवळा तरोटा येतो, मग काटवलं, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, पण रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या बायांकडे या भाज्या त्याच्या कितीतरी आधी पोचलेल्या असतात. या भाज्यांना खत लागत नाही, फवारणी लागत नाही. मात्र त्या रांधायची रीत माहीत हवी. वास्ते आजी स्वतः करते. वरची टरफलं सोलून आतला पांढरा गाभा बारीक चिरते, पाण्यात भिजवते, मग उकळते आणि ते पाणी ओतून देते. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. चिरणं, भिजवणं, उकळणं यांनी ते निघून जातं. प्रयोगशाळेतलं हे ज्ञान जंगलातल्या बायांनी चुलीपाशी पिढ्यानपिढ्या सांभाळलं आहे, आणि ते नातीच्या हातात जाताना पाहणं हा या सगळ्या खटाटोपातला मोठा आनंद आहे. भिजवलेले वास्ते हलवण्याचं काम आता तिच्याकडे आहे.

रविवार मटणाचा. उपासनेहून आल्यावर मटण नाही म्हणजे रविवारच नाही. तेही सुटलेलं नाही, फक्त रविवारचं मटण शनिवारी शिजतं. कांदा गॅसच्या आचेवर तसाच भाजायचा, खसखस आणि थोडं खोबरं कोरडं परतायचं. रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की चरबीचा थर वर गोठतो. सकाळी तो डावाने उचलून टाकला जातो. मटणाचे तुकडे मोजके, सोबत कांदा, काकडी आणि मुळा भरपूर. एखाद्या रविवारी मटणाऐवजी बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, ताज्या मासोळीचा कमी तेलाचा रस्सा होतो.

सगळं सुरळीत आहे असं नाही. आईबाबांच्या रात्रपाळ्या एकाच आठवड्यात आल्या की तक्ता कोलमडतो, मुलं बाहेरून समोसे आणतात. मुलाला कुड्याची फुलं कडूच लागतात. पण बाबांची तीन महिन्यांची साखर उतरली आहे, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच चालू आहेत. महिला मंडळाच्या बैठकीत बिस्किटांच्या जागी फुटाणे आणि उकडलेल्या शेंगा ठेवायचं आईने सुचवलं, ते मान्यही झालं. आता चर्चा नाताळच्या फराळाची आहे. करंज्या, चकल्या, अनारसे होणारच. घाणे किती घालायचे आणि डिसेंबरच्या डब्यातलं किती तेल त्यासाठी राखायचं, हे या वेळी मुलगी ठरवणार आहे.