टेंभलीचा फोटो

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले. देशातला पहिला आधार क्रमांक गावच्याच एका भगिनीला दिला गेला. अशा वेळी छायाचित्रकाराला जेमतेम काही क्षण मिळतात. गर्दी आणि सुरक्षारक्षकांच्या मधून नेता, कार्ड आणि घेणारीचा चेहरा एकाच चौकटीत आणायचा, हे सोपे नाही. तो फोटो देशभर छापला गेला. कार्यक्रम संपला की कॅमेरे नेत्यांच्या मागे निघून जातात. पण टिपलेला चेहरा ही अमानत असते. म्हणून मला ते पत्रकार मोठे वाटतात, जे काही वर्षांनी टेंभलीला परतले आणि त्याच भगिनीला भेटले. कार्ड जवळ होते, मजुरी मात्र सुटली नव्हती. या फोटोत एकही नेता नव्हता.