मुलगा परदेशी, कार्ड कपाटात
परदेशस्थ कुटुंबीयांची भारतातील बँक खाती आणि एटीएम कार्डांची सुरक्षितता

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने सीप्झमधील जडजवाहिरांच्या कारखान्यांकडे अथवा वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्सकडे रोज जाणाऱ्या व्यापारी घरांचे धागे आता अँटवर्प, दुबई, हाँगकाँग आणि बँकॉकपर्यंत पोहोचलेले आहेत. थोरला मुलगा तिकडची पेढी सांभाळतो, धाकटी कन्या अमेरिकेत शिकते, आणि आईवडील जोगेश्वरीतील घरी असतात. अशा घरातील कपाटात बहुधा एक लिफाफा सापडतो. त्यात मुलाचे एटीएम कार्ड असते आणि त्याच लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहिलेला चार आकडी पिन. 'लागले तर असू द्या, बाबा,' असे सांगून मुलगा विमानात बसलेला असतो. या व्यवस्थेत प्रेम आहे, विश्वास आहे. सुरक्षितता मात्र नाही.

वस्तुतः पैसा दूरदेशी पाठवताना तो योग्य माणसाच्याच हाती पडावा, ही चिंता आपल्या पेढ्यांना नवी नव्हे. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ 'शहा'ला, म्हणजे पेठेत पत असलेल्या व्यापाऱ्यालाच दिले जात. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' आणि तीही हरवली तर 'परपेठ' लिहून देण्याचा रिवाज होता. कागदापेक्षा माणसाची ओळख महत्त्वाची, हे त्यामागील तत्त्व होते. एटीएम कार्डाच्या व्यवहारात ती ओळख पटवण्याचे काम पिन करतो. पिन दुसऱ्याला सांगितला की आपली ओळखच दुसऱ्याच्या हाती जाते.

पुण्यातील कार्डे, अठ्ठावीस देशांतील यंत्रे

कार्ड स्वतःच्या खिशात असताना त्याची प्रतिकृती परदेशात कशी वापरली जाऊ शकते, याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रतींद्वारे २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. मुंबई, कोल्हापूर, इंदूर आदी भारतीय शहरांतून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाखांची झाली.

यामागील युक्ती समजून घेण्याजोगी आहे. यंत्रात कार्ड घातले की पैशांची मागणी प्रथम बँकेच्या 'स्विच' नामक संगणकप्रणालीकडे जाते. ती मुख्य खातेप्रणालीला विचारून होकार किंवा नकार कळवते. चोरांनी या वाटेवर स्वतःचा खोटा स्विच बसवला आणि तो मुख्य प्रणालीला न विचारताच प्रत्येक मागणीस होकार देऊ लागला. हे म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर तोतया मुनीम बसवण्यासारखेच होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालातही या चोरीची नोंद झाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. ते बव्हंशी बनावट कार्डांनी प्रत्यक्ष रोकड काढणारे होते.

या प्रकरणात ठेवीदारांची रक्कम सुरक्षित असून झळ बँकेला बसली आहे, असे बँकेने तेव्हाच स्पष्ट केले होते. चूक बँकेच्या यंत्रणेची असते तेव्हा भार बँकेवर पडतो. खातेदाराच्या हातून पिन फुटला असेल तर तो खातेदारावर येतो. पुढील सारा विचार या भेदावर उभा आहे.

तीन दिवसांचा हिशोब

भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हा भेद नियमांत बांधला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच नियम आले. दोष बँकेचा असेल तर ग्राहकाचे दायित्व शून्य. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तर बँकेकडून सूचना मिळाल्यावर तीन कामकाजी दिवसांत तक्रार करणाऱ्यावर कोणताही भार नाही. चार ते सात दिवस लागले तर सर्वसाधारण बचत खात्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंतचा भार ग्राहकाने सोसावा लागतो. त्याहून उशीर झाल्यास निर्णय बँकेच्या धोरणावर राहतो. तक्रार आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करणे बँकेवर बंधनकारक आहे. परंतु ग्राहकानेच पिन किंवा ओटीपी दुसऱ्यास दिला असेल, तर तक्रार नोंदवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच.

परदेशस्थांची अडचण येथेच सुरू होते. भारतातील सिमकार्ड खणात पडून असते, दीर्घकाळ न वापरल्याने ते बंदही होते, आणि बँकेचा संदेश कोणीही वाचत नाही. तीन दिवसांची मुदत सूचना मिळाल्यापासून मोजली जाते हे खरे. पण सूचना जुन्या क्रमांकावर जात राहिली तर वाद घालायलाही जागा उरत नाही. बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याच ग्राहकास दिला जाऊ शकतो, आणि मग ओटीपी परक्याच्या हाती पडतो. म्हणून परदेशी जाण्यापूर्वी बँकेत चालू क्रमांक आणि ई-मेल पत्ता दोन्ही नोंदवावेत. भारतीय सिम ठेवायचे असल्यास त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून ते नियमित भरत राहावे.

बापाला कार्ड नको, अधिकार द्या

बेंगळुरूत १४ नोव्हेंबर २०१३ रोजी प्रसूतीनंतर घरी असलेल्या एका खातेदार स्त्रीने पतीला कार्ड व पिन देऊन २५ हजार रुपये काढण्यास पाठवले. यंत्रातून पावती आली, पैसे आले नाहीत. प्रकरण ग्राहक न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध लागला. कार्ड हस्तांतरणीय नाही आणि पिन पतीलाही सांगता येत नाही, हा बँकेचा युक्तिवाद मान्य झाला. पतीच्या बाबतीत जे लागू झाले, ते पिता, भाऊ किंवा पेढीवरील विश्वासू मुनीम यांच्या बाबतीतही लागू होईल, असेच धरून चालावे.

मग घरच्यांनी खर्च कसा चालवावा? त्यासाठी कायदेशीर मार्ग आहेत. परदेशी स्थायिक होणाऱ्याने आपले निवासी बचत खाते एनआरओ खात्यात रूपांतरित करून घ्यावे, हा परकीय चलन कायद्याखालील नियमच आहे. भाडे, लाभांश इत्यादी भारतातील उत्पन्न या खात्यात जमा होते. परदेशातील कमाई एनआरई खात्यात ठेवता येते. दोन्हींत निवासी जवळच्या नातलगास 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने सहधारक करता येते, अथवा मुखत्यारपत्राने मर्यादित अधिकार देता येतो. याहून सोपा उपाय म्हणजे मुलाने दरमहा ठराविक रक्कम आईवडिलांच्या स्वतःच्या खात्यात वळती करावी. मग कपाटातील लिफाफ्याची गरजच उरत नाही. नामनिर्देशनही याच वेळी तपासून घ्यावे. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनंतर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. अशा विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' हे संकेतस्थळ उपलब्ध आहे.

प्रवासाला निघण्यापूर्वी

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम व दुकानातील यंत्रांसाठी चालू असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. ही सोय बँकेच्या ॲपमध्येच असते. प्रवासापुरता वापर सुरू करावा, मर्यादा गरजेपुरती ठेवावी आणि परतताच वापर बंद करावा. मोठी पुंजी असलेल्या खात्याचे कार्ड सोबत नेऊ नये. त्यासाठी थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते बरे. एटीएम शक्यतो बँकेच्या आवारातील निवडावे, पिन दाबताना दुसरा हात आड धरावा, कार्डाची खाच सैल किंवा जोडलेली वाटल्यास तेथून निघावे. बँकेचा परदेशातून लागणारा दूरध्वनी क्रमांक मोबाइलखेरीज कागदावरही लिहून ठेवावा, कारण पाकीट आणि मोबाइल अनेकदा एकत्रच चोरीस जातात.

नुकसान झालेच तर क्रम ठरलेला असावा. प्रथम कार्ड बंद करावे, मग बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंद करावी. भारतातील कुटुंबीयांना १९३० हा मदत क्रमांक उपलब्ध आहे. व्यवहाराच्या वेळी खातेदार दुसऱ्या देशात होता, हे पासपोर्टवरील शिक्क्यांनी सिद्ध करता येते; त्यांची छायाप्रत जपून ठेवावी. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

एक धोका मात्र यंत्रांतून नव्हे, थेट मायेतून शिरतो. 'तुमच्या मुलाला तिकडे अटक झाली आहे, त्वरित पैसे पाठवा,' असा फोन वृद्ध मातापित्यांना येतो. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. तरीही भीतीने गांगरलेली आई वादविवाद करत नाही. ती बँकेत धावते. यावर उपाय घरातच ठरवता येतो. मुलाशी प्रत्यक्ष बोलणे होईपर्यंत एक रुपयाही हलणार नाही, असा नियम करावा, आणि खूण म्हणून घरातल्यांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द ठरवून ठेवावा.

दिवसअखेर रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान न वाढवणे ही व्यापारी घरांची जुनी शिस्त. परदेशस्थ मुलाने आणि इथल्या पालकांनी महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, फोनवर बसून खात्याचे उतारे ताडून पाहिले, तर तीच शिस्त नव्या काळातही उपयोगी पडेल. तो लिफाफा मात्र आजच कपाटातून काढावा, पिन बदलून घ्यावा आणि कार्ड ज्याचे त्याच्या हाती द्यावे.