बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्यांची ओळख

बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण; १९०६–१९९६) हे मराठीतील सर्वाधिक लिहिणाऱ्या रहस्यकथाकारांपैकी एक होत. त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या वर जाते. झुंजार व विजया, धनंजय व छोटू, काळापहाड ही त्यांची पात्रे विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी घराघरांत परिचित होती. या पुस्तकांच्या मूळ प्रती आता दुर्मीळ झाल्या असून संग्राहक, ग्रंथपाल आणि लोकप्रिय वाङ्मयाचे अभ्यासक त्यांचा शोध घेत असतात. हाती आलेली प्रत पहिल्या आवृत्तीची आहे की पुनर्मुद्रणाची, हे ठरवण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या खुणांचा परिचय या लेखात करून दिला आहे. सुहास शिरवळकर, गुरुनाथ नाईक आदी नंतरच्या लेखकांच्या पुस्तकांनाही यांतील बहुतेक खुणा लागू पडतात.

टोपणनावातील अर्नाळा हे गाव वसई तालुक्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच मोडत असे.

प्रती दुर्मीळ का झाल्या

रहस्यकथा ही विकत घेऊन कपाटात जपून ठेवण्याची वस्तू नव्हती. हलका कागद, पातळ मुखपृष्ठ, खिशात मावेल असा आकार आणि अल्प किंमत अशा रूपात ती बाजारात येई. तिचा मोठा ग्राहक म्हणजे पैसे घेऊन पुस्तके घरी वाचायला देणारी खासगी वाचनालये. एकच प्रत शेकडो हातांतून जाई. ती टिकावी म्हणून वाचनालय मूळ मुखपृष्ठ काढून जाड पुठ्ठ्याची बांधणी करी, कडा यंत्रावर छाटून घेई आणि जाहिरातींची पाने बहुधा फेकून देई. ज्या भागांवरून आवृत्ती ओळखता येते नेमके तेच भाग अशा रीतीने नाहीसे झाले.

कागदाचा दोष त्याहून मोठा. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदातील आम्लामुळे पाने पिवळी पडतात, मग तपकिरी होतात आणि शेवटी घडीवर तुटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती. त्या वर्षांतील पुस्तकांचा कागद विशेष निकृष्ट आढळतो. शहापूर आणि मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की बंद कपाटातही पुस्तकांवर बुरशी धरते. कसर आणि वाळवी तर बारमाही. तरीही अशा आडवळणाच्या भागांतच जुन्या प्रती सापडण्याचा संभव अधिक, कारण शहरातील वाचनालयांनी जागेअभावी त्या कधीच रद्दीत घातल्या.

मोठ्या ग्रंथालयांनी रहस्यकथेला वाङ्मय मानण्यात कसूर केली, हेही नमूद केले पाहिजे. कवितेचा पन्नास प्रतींचा संग्रह जपला गेला आणि पिढीला वाचनाची गोडी लावणारी झुंजारकथा निर्लेखनाच्या यादीत गेली. ग्रामीण वाचनालयातील फाटक्या पुस्तकांचे निर्लेखन करताना शीर्षकपान एकदा पाहिले जात नाही. त्या गठ्ठ्यात एखाद्या शीर्षकाची अखेरची प्रत असू शकते.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण

ग्रंथशास्त्रात एकाच जुळणीवरून छापलेल्या सर्व प्रती मिळून एक आवृत्ती होते; त्याच जुळणीवरून पुढे पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण. मराठी प्रकाशनव्यवहारात हा भेद काटेकोरपणे पाळला गेला नाही. काहीही न बदलता पुन्हा छापलेल्या पुस्तकावर ‘दुसरी आवृत्ती’ असे छापण्याची रीत सर्रास होती. संग्राहक ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो तेव्हा त्याला पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण अभिप्रेत असते.

इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात हे शास्त्र फार पुढे गेले आहे. इयान फ्लेमिंगची जेम्स बाँडवरील पहिली कादंबरी ‘कसिनो रॉयाल’ लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने १९५३ मध्ये काढली. तिच्या पहिल्या मुद्रणाच्या प्रतींची नेमकी संख्या संग्राहकांना ठाऊक असते आणि कागदी वेष्टन शाबूत असेल तर प्रतीचे मोल अनेक पटींनी वाढते. तिकडच्या अनेक प्रकाशकांच्या पुस्तकांत शीर्षकपानाच्या मागे आकड्यांची एक ओळ असते व तीत ‘१’ हा आकडा शिल्लक असेल तर ते पहिले मुद्रण ठरते. जुन्या मराठी रहस्यकथांत अशी ओळ शोधू नये. तेथे परिस्थितिजन्य पुराव्यावरच विसंबावे लागते. धनंजयाच्या वाचकाला ही पद्धत नवी नाही.

शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू

पहिली पाहण्याची जागा म्हणजे शीर्षकपानाची मागची बाजू. तेथे ‘पहिली आवृत्ती’, ‘प्रथमावृत्ति’ अशी नोंद, मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता असतो. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, तसेच प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ छापणे बंधनकारक केले होते. वर्ष छापण्याचे बंधन मात्र त्यात नव्हते. त्यामुळे अनेक स्वस्त पुस्तकांवर साल आढळत नाही. साल नसले की पुस्तक जुने दिसत नाही आणि पुढची काही वर्षे नवे म्हणून विकता येते, ही व्यापारी सोय प्रकाशकांना मानवणारीच होती.

साल शकात दिले असेल तर त्यात ७८ मिळवावेत. जानेवारी ते शकवर्षाच्या अखेरीपर्यंतच्या काळासाठी ७९. उदाहरणार्थ, शके १८७० म्हणजे इसवी सन १९४८–४९.

‘पहिली आवृत्ती’ ही अक्षरे दिसली म्हणून निर्णय देणे धोक्याचे आहे. लोकप्रिय पुस्तकांचे हक्क एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जात आणि नवा प्रकाशक आपल्या पहिल्या छपाईवर बिनदिक्कत ‘पहिली आवृत्ती’ असे छापी. त्याच्या दृष्टीने ते खरेही होते. एकविसाव्या शतकात अर्नाळकरांच्या निवडक कथा नव्याने प्रसिद्ध झाल्या. त्यांवरील अशी नोंद त्या विशिष्ट प्रकाशनापुरतीच समजावी.

कालनिर्णयाच्या खुणा

साल नसलेल्या प्रतीचा काळ ठरवताना किंमत सर्वांत बोलकी ठरते. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. किंमत रुपये-आण्यांत छापलेली असेल तर छपाई साधारणपणे त्याआधीची किंवा संक्रमणाच्या एकदोन वर्षांतील. ‘नवे पैसे’ हा शब्द असेल तर पुस्तक १९५७ ते १९६४ या काळातील, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हे विशेषण गळाले. रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० पूर्वीच्या पुस्तकावर असू शकत नाही. मात्र छापील किंमत आणि रबरी शिक्क्याने किंवा चिठ्ठी चिकटवून वाढवलेली किंमत यांत घोटाळा करू नये. न खपलेल्या जुन्या प्रतींवर प्रकाशक नवी किंमत मारीत. तेवढ्याने ती प्रत पुनर्मुद्रण ठरत नाही. चिठ्ठी उजेडात धरली की खालची मूळ किंमत पुष्कळदा वाचता येते.

दुसरी खूण पत्त्याची. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी गिरगावातील प्रकाशक ‘मुंबई ४’ असा पत्ता देई. पुढे त्याचे ‘मुंबई ४०० ००४’ झाले. पुण्याच्या ‘पुणे २’चे ‘पुणे ४११ ००२’ झाले. जुन्या सवयीने छोटा आकडा काही काळ चालू राहिला, म्हणून छोट्या आकड्यावरून छपाई १९७२ पूर्वीचीच असे खात्रीने म्हणता येत नाही. सहा आकडी पिनकोड असेल तर मात्र ती १९७२ नंतरची, यात शंका नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून दिला जाऊ लागला आणि २००७ पासून तो दहाऐवजी तेरा अंकी झाला. अर्नाळकरांच्या भरभराटीच्या काळातील पुस्तकावर तो आढळला तर अधिक तपासाची गरजच उरत नाही.

तिसरी खूण शुद्धलेखनाची आणि मराठीच्या विद्यार्थ्याला ती विशेष रोचक वाटेल. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. ‘नाहीं’, ‘होतें’, ‘त्यानें’, ‘घरांत’ अशी रूपे सर्वत्र असतील तर जुळणी बहुधा त्यापूर्वीची असते. येथेही सावधगिरी हवी. काही लेखक व मुद्रक जुन्या वळणाने पुढेही लिहीत-छापीत राहिले. शिवाय जुन्या पानांचे छायाचित्र घेऊन केलेल्या छपाईत अनुस्वार जसेच्या तसे उतरतात. अशा वेळी पान बोटाने चाचपावे. खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा दाब कागदाच्या मागच्या बाजूस हाताला लागतो, झिजलेली अक्षरे मधूनच डोकावतात आणि ओळ किंचित हलते. ऑफसेट छपाईत पान गुळगुळीत असते. शब्दांत अनुस्वार जुने आणि पान मात्र सपाट, अशी जोडी दिसली की ते नंतरचे पुनर्मुद्रण समजावे.

शेवटच्या पानांवरील जाहिराती दुर्लक्षिल्या जातात, पण त्यांतून पुष्कळ निष्पन्न होते. ‘याच लेखकाची इतर पुस्तके’ या यादीत प्रस्तुत पुस्तकानंतर प्रसिद्ध झालेले एखादे नाव असेल, तर ती यादी, आणि बहुधा ती प्रतही, पहिल्या मुद्रणाची नव्हे. ‘आगामी’ किंवा ‘पुढील महिन्यात’ अशी घोषणा उलटपक्षी आशादायक असते. पहिल्या छपाईची सुटी पाने शिल्लक ठेवून त्यांना नंतर नवे मुखपृष्ठ लावल्याचेही घडे. म्हणून आतील फर्मे आणि बाहेरील वेष्टन यांचा विचार वेगवेगळा करावा.

मुखपृष्ठ

अर्नाळकरांच्या अनेक पुस्तकांची मुखपृष्ठे चित्रकार रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी रंगवली. त्यांची चित्रे संग्राहकांना स्वतंत्रपणे हवीशी असतात आणि मूळ मुखपृष्ठासह असलेली प्रत त्यामुळे अधिक मोलाची ठरते. चित्रावरील सहीने चित्रकार कळतो, छपाईचे वर्ष नाही. तोच ठसा पुनर्मुद्रणालाही वापरला जाई. अलीकडे रंगीत प्रतिमुद्रण काढून बांधणीच्या प्रतीला ‘मूळ’ मुखपृष्ठ चिकटवलेले आढळते. आतील पाने कडा छाटलेली आणि मुखपृष्ठ मात्र पुऱ्या मापाचे व डागविरहित, अशी विसंगती असेल तर खरेदी करू नये.

शिक्क्यांचा पुरावा

वाचनालयाचा शिक्का बाजारात प्रतीची किंमत उतरवतो. अभ्यासकाच्या दृष्टीने तो साक्षीदार आहे. शिक्क्याशेजारी दाखल क्रमांक आणि तारीख असेल तर छपाई त्या तारखेनंतरची असू शकत नाही. गावाचा व जिल्ह्याचा उल्लेखही उपयोगी पडतो. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील शिक्क्यावर ‘जि. कुलाबा’ असेल तर तो १९८१ मधील रायगड या नामांतरापूर्वी तयार झालेला. वाडा, जव्हार येथील शिक्क्यावर ‘जि. ठाणे’ असेल तर २०१४ पूर्वीचा.

समजा, शहापूर तालुक्यातील एखाद्या वाचनालयाच्या निर्लेखित गठ्ठ्यात अर्नाळकरांची सालाविना प्रत मिळाली. वर ‘पहिली आवृत्ती’, किंमत ‘७५ नवे पैसे’, प्रकाशकाचा पत्ता ‘मुंबई ४’, मजकुरात जुने अनुस्वार आणि दाखल तारीख १९६१. छपाई १९५७ ते १९६१ मधील, एवढे निश्चित झाले. हीच कथा महायुद्धाच्या काळात दुसऱ्या प्रकाशकाने काढल्याची नोंद मिळाली, तर सर्व खुणा एकमेकींशी जुळूनही प्रत पहिल्या आवृत्तीची ठरणार नाही. एक विरोधी खूण दहा अनुकूल खुणांना पुरून उरते.

नोंदींचा आधार

अशी विरोधी नोंद शोधण्याची मुख्य साधने म्हणजे ग्रंथसूची. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील प्रकाशनांची नोंद देतो, अर्नाळकरांच्या सुरुवातीच्या शीर्षकांसाठी दुसरा भाग पाहावा. १८६७ च्या कायद्यानुसार प्रांतिक सरकारे नोंदणी झालेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या राजपत्रासोबत प्रसिद्ध करीत. त्यांत छापखान्यातून पुस्तक बाहेर पडल्याची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्तीचा क्रमांक, प्रतींची संख्या आणि किंमत हे रकाने असत. पुस्तकावर न छापलेले साल येथे मिळू शकते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आदी ठिकाणी देणे प्रकाशकांवर बंधनकारक केले. छोट्या प्रकाशकांनी हे बंधन नेहमी पाळलेच असे मानू नये.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला जवळचे म्हणजे १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय. आसनगाव किंवा कसाऱ्याहून लोकलने तेथे जाता येते. मुरबाडला रेल्वे नसल्याने आधी कल्याण गाठावे लागते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) दादरला आहे. जाताना शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शेवटचे पान आणि शिक्क्याचे पान यांची छायाचित्रे सोबत न्यावीत. जीर्ण प्रत पिशवीतून नेऊ नये.

जतन आणि स्वामित्वहक्क

कुजक्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरे खातो. पुस्तक वाळलेल्या हवेत, भिंतीपासून दूर ठेवावे आणि पावसाळ्यानंतर सावलीत पाने मोकळी करावीत. मूळ मुखपृष्ठ शाबूत असलेली प्रत नव्याने बांधून घेण्याचा मोह टाळावा.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. अर्नाळकरांचे निधन १९९६ मध्ये झाल्याने त्यांच्या लेखनावरील हक्क २०५६ च्या अखेरपर्यंत आहेत. जुनी प्रत मालकीची आहे म्हणून तिची सर्व पाने आंतरजालावर चढवता येत नाहीत. शीर्षक, प्रकाशक, मुद्रक, किंमत, पृष्ठसंख्या आणि दाखल तारीख यांची नोंद मात्र कोणीही करू शकतो, आणि प्रत निर्लेखनाच्या गठ्ठ्यात जाण्यापूर्वी ती करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.