एक मतदार, चार मते

लोकसभेला मत दिले, विधानसभेलाही दिले. मग महापालिकेच्या यादीत नाव कसे नाही? मतदानाच्या दिवशी अनेक केंद्रांवर हा वाद हमखास रंगतो.

महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदारांची नोंदणी मात्र भारत निवडणूक आयोगाची यंत्रणा करते. विधानसभेची यादी घ्यायची आणि प्रभागांनुसार फोडायची, अशी रीत आहे. त्यामुळे पालिकेसाठी वेगळा अर्ज नसतो. नव्या मतदाराने नमुना ६ भरायचा, घर बदललेल्याने नमुना ८.

खरी मेख तारखेत असते. २०२५-२६ च्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरण्यात आली. त्यानंतर नाव नोंदवणाऱ्यांना त्या वेळी मत देता आले नाही. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण ती नाव भलत्याच प्रभागात गेले किंवा विधानसभेच्या यादीत असूनही गळाले, अशा चुकांपुरतीच. खिशातले ओळखपत्र यादीतल्या नावाची जागा घेऊ शकत नाही.

यादीत नाव सापडले की पुढचा प्रश्न, मते किती द्यायची? मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, म्हणून मतही एकच.

पुणे, नाशिकमध्ये बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. तिथे अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र बटण दाबायचे असते. चौघे एकाच पक्षाचे असावेत, असे बंधन नाही. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ आहे. चारही मते नोंदवल्यावरच मतदान पूर्ण होते.