फुटपाथवरच्या कुटुंबांना वकील मिळाले, त्यानंतर

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडायच्या आणि माणसांना आपापल्या गावी पाठवून द्यायचं. ऐन पावसाळा होता. दहा दिवसांनी विलेपार्ल्यात महामार्गालगतची एका मजुराची झोपडी पाडली गेली. हा भूमिहीन माणूस १९६१ साली तमिळनाडूतल्या सेलमहून पोट भरायला आला होता. त्याला बायकामुलांसह बसमध्ये बसवून सेलमला धाडण्यात आलं. थोड्याच दिवसांत तो परत मुंबईत आला, कारण काम इथेच होतं.

ज्यांच्याकडे वकिलाची फी कधीच जमली नसती, त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात इंदिरा जयसिंग, वि. म. तारकुंडे, राम जेठमलानी अशा वकिलांनी मांडली. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. आजही कायद्याचे विद्यार्थी तो निकाल पाठ करतात. पण त्या कुटुंबांच्या पदरात काय पडलं? ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत. १९७६ च्या सरकारी गणतीची ओळखपत्रं असलेल्यांना पर्यायी जागा द्यायची होती. बाकीच्यांच्या झोपड्या पावसाळा सरल्यावर पाडायला पालिका मोकळी होती.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आधी उच्च न्यायालयात याचिकाकर्त्यांच्या वतीने कबूल करण्यात आलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, आणि १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत आम्ही जागा सोडू. माणूस न्यायालयाबाहेर फुटपाथवर राहतो आणि आत त्याच्या नावाने कबुली दिली जाते! मूलभूत हक्क असे कबुलीने सोडता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं म्हणून निभावलं. फुकट मिळालेल्या सेवेतली ही खरी जोखीम आहे. तिथे ‘मला हे मान्य नाही’ असं म्हणायला गरीब माणूस कचरतो.

त्याच काळात भायखळ्यात वेगळं काम चाललं होतं. शीला पटेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘स्पार्क’ ही संस्था काढली. निकालानंतर झोपड्या पडणार हे दिसत असताना त्यांनी फुटपाथवासीयांना सोबत घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची गणती केली. पुढे फुटपाथवरच्या बायकांच्या ‘महिला मिलन’ या गटाने घर कसं हवं ते स्वतः ठरवलं आणि कापड लावून खऱ्या मापाचे नमुने उभे केले. चौदा फूट उंची, आत पोटमाळा. रस्त्यावर चूल मांडून संसार केलेल्या बाईला कमी जागेत किती माणसं कशी झोपतात ते ठाऊक होतं. वास्तुविशारदांनी ते कागदावर आणायचं होतं. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयही पात्र ठरले, त्यामागे गणतीच्या कागदांचा आणि या बायकांच्या चिकाटीचा मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. काही कुटुंबांना मानखुर्दला पक्की घरं मिळाली. पण कामाची जागा लांब गेली.

म्हणून वकिलांचं श्रेय कमी होत नाही. त्यांनी मिळवलेली मुदत नसती, तर गणती करायला माणसंच जागेवर उरली नसती. मात्र मुदतीनंतर घरासाठी पात्र ठरायलाच दहा वर्षं लागली, आणि तेवढा काळ सोबत टिकणारे थोडे होते.

तुम्ही वकील, डॉक्टर, वास्तुविशारद असाल आणि बेघर कुटुंबांसाठी एक रविवार द्यायचा विचार करत असाल, तर जरूर द्या. पण आधी त्यांना विचारा, आणि रेशनकार्ड, शाळेचा दाखला, पात्रता यादीतलं नाव असं एखादं काम हाती घेतलंत तर ते पुरं होईपर्यंत त्याच कुटुंबाबरोबर राहा.